दूरच्या ताऱ्यांसमोरून जाणारे समशीतोष्ण महाग्रह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर परिसरातील हौशी आकाशनिरीक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची, म्हणजेच बाह्यग्रहांची, संख्या आता ६००० च्या पुढे गेली आहे. तरीही बहुतेक चर्चा पृथ्वीसारख्या ग्रहांची होते, नाहीतर ताऱ्याला खेटून फिरणाऱ्या तप्त ग्रहांची. या दोहोंच्या मध्ये राहिलेले, गुरूएवढे परंतु बेताच्या तापमानाचे ग्रह कमी चर्चिले जातात. आपल्या गुरू-शनीचा जन्म समजून घ्यायचा असेल, तर याच ग्रहांकडे अधिक लक्ष दिले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

समशीतोष्ण महाग्रह कोणाला म्हणतात?

ज्यांचा आकार साधारण गुरू किंवा शनीएवढा आहे, जे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे बनलेले आहेत आणि जे आपल्या ताऱ्यापासून पुरेशा अंतरावर असल्यामुळे भाजून निघत नाहीत, अशा ग्रहांना हे नाव दिले जाते. तापमानाची सीमारेषा सर्वमान्य नाही. ढोबळमानाने २०० ते ४०० केल्विन, म्हणजे उणे ७० ते अधिक १३० अंश सेल्सियसच्या आसपासचे ग्रह यात धरतात आणि सूर्यासारख्या ताऱ्याभोवती अशा ग्रहाला एक फेरी पुरी करायला काही महिने ते दोन-तीन वर्षे लागतात. आपला गुरू याहून थंड आहे. त्याचे तापमान उणे १५० अंशांच्या जवळपास असून त्याची एक फेरी जवळजवळ १२ वर्षांची असते. याउलट १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी शोधलेला ५१ पेगासी बी हा ग्रह अवघ्या ४.२ दिवसांत एक फेरी मारतो. अशा ग्रहांना ‘उष्ण गुरू’ म्हणतात.

अधिक्रमणातून ग्रहाविषयी काय कळते?

६ जून २०१२ रोजी सकाळी शुक्र सूर्यबिंबावरून सरकला, ते अधिक्रमण भारतातून अनेकांनी पाहिले असेल. त्या वेळी सूर्याचा प्रकाश सुमारे ०.१ टक्क्याने घटला होता. दूरच्या ताऱ्याचे बिंब आपल्याला दिसत नाही, तो केवळ एक बिंदू असतो. परंतु ग्रह समोरून जाताना त्या बिंदूचा प्रकाश त्याच नियमाने घटतो. ही घट किती, यावरून ग्रहाचा आकार ताऱ्याच्या तुलनेत किती आहे हे मिळते. सूर्यासमोरून गुरू गेला तर प्रकाश सुमारे १ टक्का कमी होईल. पृथ्वी गेली तर केवळ ०.००८४ टक्के. ताऱ्याच्या वर्णपटावरून ग्रहाचे वस्तुमान वेगळे मोजता आले, की आकार आणि वस्तुमान यांच्यावरून घनता काढता येते आणि ग्रहाच्या अंतरंगाविषयी बोलणे शक्य होते. पहिले बाह्यग्रहाचे अधिक्रमण १९९९ मध्ये एचडी २०९४५८ या ताऱ्यासमोर टिपले गेले.

एक टक्का घट मोजणे अवघड नाही. मग असे ग्रह इतके थोडे का सापडले आहेत?

यात अडचण आकाराची नसून भूमिती आणि काळाची आहे. ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेशी जवळजवळ काटेकोरपणे जुळली, तरच तो आपल्याला ताऱ्यासमोरून जाताना दिसतो. अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव कोल्हापूरकरांना सांगायला नको: मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात ती नोव्हेंबरमधील आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावरील मोजक्याच दिवशी, आणि सूर्य किंचित बाजूला सरकला की ती वाटेतच अडतात. येथेही तसेच आहे आणि वाट जितकी लांब, तितकी चूक खपण्याची जागा कमी. ताऱ्याला खेटलेल्या उष्ण गुरूची कक्षा अशी जुळण्याची शक्यता दहात एक असते. पृथ्वीइतक्या अंतरावर ती दोनशेत एक होते आणि गुरूच्या अंतरावर हजारात एक.

दुसरी अडचण काळाची. चार दिवसांचा ग्रह महिनाभरात सात वेळा दिसतो. २६० दिवसांचा ग्रह वर्षात एकदा, फार तर दोनदा. २००९ मध्ये सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने आकाशाचा एकच तुकडा चार वर्षे सलग पाहिला, म्हणून तिला असे काही ग्रह सापडले. २०१८ मध्ये सोडलेली टेस दुर्बीण जवळजवळ सारे आकाश पाहते, पण बहुतेक भागांकडे एका वेळी फक्त २७ दिवस. त्या २७ दिवसांत लांब कक्षेच्या ग्रहाचे एखादे अधिक्रमण पडले तर पडले, आणि माहिती पृथ्वीकडे पाठवताना निरीक्षण थांबते त्या अवधीत ते पडले तर तेही हातचे जाते.

एकच अधिक्रमण दिसले तर ग्रहाच्या फेरीचा काळ कसा काढतात?

या संपूर्ण विषयाचा गाभा हाच प्रश्न आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

एका अधिक्रमणातून फेरीचा काळ थेट मिळत नाही, परंतु अधिक्रमण किती तास चालले हे मिळते. दूरचा ग्रह सावकाश फिरतो, त्यामुळे त्याला ताऱ्याचे बिंब ओलांडायला जास्त वेळ लागतो. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून पृथ्वीच्या अंतरावरचा ग्रह मध्यातून गेला तर १३ तास लागतात, गुरूला सुमारे ३० तास. गणिताने हा अवधी फेरीच्या काळाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे फेरीचा काळ आठपट झाला तरी अधिक्रमणाचा अवधी दुप्पटच होतो. त्यामुळे अवधी मोजण्यातील लहान चूक काळाच्या अंदाजात मोठी होऊन उतरते. शिवाय ताऱ्याची घनता माहीत असावी लागते आणि कक्षा किती लंबवर्तुळाकार आहे हे सुरुवातीला माहीत नसते. म्हणून ‘दीडशे ते चारशे दिवसांच्या दरम्यान’ अशा स्वरूपाचे पहिले उत्तर येते आणि ते प्रामाणिक उत्तर असते.

कधी दोन अधिक्रमणे मिळतात, पण मध्ये मोठी फट असते. समजा, पहिल्यानंतर ७३० दिवसांनी दुसरे दिसले. तर फेरीचा काळ ७३० दिवसांचा असू शकतो, किंवा ३६५, किंवा २४३, किंवा १८२ दिवसांचा. मध्ये कितीतरी अधिक्रमणे कोणी न पाहता होऊन गेलेली असू शकतात. अशा वेळी प्रत्येक शक्य तारखेला त्या ताऱ्याकडे पाहून एकेक पर्याय बाद करावा लागतो. युरोपची २०१९ मध्ये सोडलेली कीऑप्स दुर्बीण या कामाला फार उपयोगी पडली आहे.

टीओआय-२१८० बी हा ग्रह (टीओआय म्हणजे टेसच्या उमेदवारांची यादी) एकाच अधिक्रमणाच्या अडचणीचे उत्तम उदाहरण आहे. टेसच्या नोंदींमध्ये त्याचे एकच, सुमारे २४ तासांचे अधिक्रमण दिसले आणि ते संगणकाने नव्हे, आलेख डोळ्यांनी चाळणाऱ्या एका हौशी निरीक्षकाने हेरले, कारण त्या काळची स्वयंचलित छाननी पुन्हा पुन्हा येणाऱ्या घटीच शोधत असे. त्यानंतर कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेतून सुमारे ५०० दिवस ताऱ्याच्या वेगाचे मापन झाले आणि २६१ दिवसांचा काळ, तसेच गुरूच्या २.७५ पट वस्तुमान निश्चित झाले.

दिसलेली घट ग्रहामुळेच आहे, हे कशावरून ठरते?

नुसत्या घटीवरून ते ठरत नाही. गुरू, तपकिरी बटू (ग्रहाहून जड, पण ताऱ्यासारखे पेटू न शकलेले गोल) आणि अगदी लहान तारे यांचे आकार जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे तिघांची सावली सारखी दिसते. मागे एखादी परस्परांना झाकणारी ताऱ्यांची जोडी असली, तरीही अशीच घट उमटते. केप्लरने सुचवलेल्या महाग्रहांच्या उमेदवारांची वर्णपटाने तपासणी केली तेव्हा निम्म्याहून अधिक उमेदवार ग्रह नव्हतेच, असे आढळले. म्हणून वस्तुमान मोजणे अत्यावश्यक ठरते. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित मागे-पुढे होतो. गुरूमुळे सूर्य सेकंदाला सुमारे साडेबारा मीटर वेगाने हलतो. गुरू पृथ्वीच्या अंतरावर असता तर हा वेग सुमारे २८ मीटर झाला असता. आजच्या वर्णपटमापकांना हे सहज जमते, मात्र पूर्ण फेरी व्हायला लागतो तेवढा काळ निरीक्षणे चालू ठेवावी लागतात.

उष्ण गुरूंचा एवढा अभ्यास झाला असताना यांचा वेगळा अभ्यास कशासाठी?

उष्ण गुरू त्यांच्या ताऱ्याच्या सान्निध्यामुळे मूळ रूपात राहिलेले नाहीत. ताऱ्याच्या प्रखर उष्णतेने ते फुगतात. सुमारे १००० केल्विनच्या वर गेलेल्या कित्येक ग्रहांचा आकार कोणत्याही साध्या गणितात बसत नाही एवढा मोठा असतो आणि या फुगण्याचे कारण अजून पूर्ण उलगडलेले नाही. त्यामुळे आकारावरून आत किती खडक, किती बर्फ आणि किती वायू आहे, हे सांगणे अवघड जाते. समशीतोष्ण ग्रह फुगलेला नसतो. त्याचे वस्तुमान, आकार आणि वय कळले, की त्यातील जड, म्हणजे हायड्रोजन-हेलियमहून जड, मूलद्रव्यांचा बऱ्यापैकी भरवशाचा हिशेब मांडता येतो. टीओआय-२१८० बी मध्ये अशी जड द्रव्ये पृथ्वीच्या वस्तुमानाच्या सुमारे १०५ पट भरतात, असा अंदाज आहे. हा आकडा ग्रहाच्या जन्माशी थेट निगडित आहे, कारण महाग्रह प्रथम घन गाभा जमवतो आणि मग भोवतालचा वायू ओढून घेतो, हा आजचा सर्वाधिक मान्य सिद्धान्त या हिशेबावर तपासता येतो.

दुसरे कारण कक्षेचे. महाग्रह बहुधा ताऱ्यापासून दूर, जेथे पाण्याचे बर्फ टिकते तेथे तयार होतात. काही ग्रह मग आत येतात. तरुण ताऱ्याभोवतीच्या वायूच्या तबकडीतून हळूहळू सरकत येतात, किंवा दुसऱ्या ग्रहाच्या अथवा ताऱ्याच्या ओढीने फार लांबट कक्षेत ढकलले जाऊन ताऱ्याजवळून जाऊ लागतात. उष्ण गुरूची कक्षा भरती-ओहोटीच्या बळांनी वर्तुळाकार झालेली असते, म्हणून तो कसा आला याचा पुरावा बराचसा पुसला जातो. समशीतोष्ण ग्रह ताऱ्यापासून इतका लांब असतो की ही बळे तेथे क्षीण पडतात, आणि कक्षेचा लांबटपणा तसाच शिल्लक राहतो. कोरो-९ बी हा ९५ दिवसांचा ग्रह, २०१० मध्ये जाहीर झालेला, जवळजवळ गोल कक्षेत फिरतो. एचडी ८०६०६ बी हा १११ दिवसांचा ग्रह मात्र धूमकेतूला शोभेल अशा, ०.९३ विकेंद्रतेच्या (० म्हणजे गोल, १ च्या जवळ म्हणजे फार लांबट) कक्षेत फिरतो. एकाच वर्गाच्या जवळपासचे हे दोन ग्रह इतक्या भिन्न मार्गांनी येथवर पोहोचले असतील, तर दोन-चार उदाहरणांवरून सर्वसाधारण निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

त्यांचे वातावरण जेम्स वेब दुर्बिणीने तपासता येते का?

येते, पण कष्टाने. अधिक्रमणाच्या वेळी ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतो आणि त्यावर वायूंचे ठसे उमटतात. वातावरण जितके गरम, तितके ते पसरलेले आणि ठसा ठळक. उष्ण गुरूच्या वातावरणाचा मापदंड-उंचीचा, म्हणजे जेवढे वर गेल्यावर दाब सुमारे एक तृतीयांश होतो त्या अंतराचा, आकडा शेकडो किलोमीटर असू शकतो, आपल्या गुरूचा सुमारे २५ किलोमीटरच आहे. त्यात भर म्हणजे संधी क्वचित येते. एक अधिक्रमण चुकले तर पुढच्यासाठी वर्ष-दोन वर्षे थांबावे लागते. तरीही हा प्रयत्न मोलाचा आहे, कारण कमी तापमानाला रसायन बदलते: कार्बन मोनॉक्साइडऐवजी मिथेनमध्ये कार्बन साठतो, नायट्रोजन अमोनियात जातो, आणि आणखी थंडी वाढली की पाण्याचे ढग बनतात. कॅसिनी यानाने शनीच्या आड जाणाऱ्या सूर्याचा प्रकाश मोजला होता. त्या नोंदींवरून शनी हा दूरचा बाह्यग्रह असता तर त्याचे अधिक्रमण कसे दिसले असते, याचाही अभ्यास झाला आहे.

या ग्रहांना चंद्र किंवा कडी असू शकतात का?

असू शकतात, आणि उष्ण गुरूंपेक्षा येथे त्यांची शक्यता अधिक आहे. ताऱ्यापासून दूर असलेल्या ग्रहाच्या गुरुत्वाचे क्षेत्र विस्तीर्ण असते, त्यामुळे चंद्र स्थिरपणे टिकतात. केप्लर-१६२५ बी या २८७ दिवसांच्या ग्रहाभोवती मोठा चंद्र असावा, असा दावा २०१८ मध्ये हबलच्या निरीक्षणांवरून करण्यात आला, परंतु त्यावर गंभीर आक्षेप आहेत आणि तो सिद्ध मानला जात नाही. एचआयपी ४१३७८ एफ या ५४२ दिवसांच्या ग्रहाची घनता पाण्याच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते. कदाचित भोवतालच्या कड्यांमुळे तो असतो त्यापेक्षा मोठा भासत असेल, असा एक तर्क आहे.

तेथे जीवसृष्टी असेल का?

ग्रहाला घन पृष्ठभागच नाही, त्यामुळे आपल्या परिचयाच्या अर्थाने नाही. त्यांच्या मोठ्या चंद्रांबद्दल विचार करता येईल, पण असा एकही चंद्र अद्याप निश्चितपणे सापडलेला नाही.

कोल्हापुरातून असे अधिक्रमण पाहता येईल का?

पूर्ण अधिक्रमण सहसा नाही. त्याचा एखादा भाग मात्र नक्की. यासाठी एचडी ८०६०६ हा सप्तर्षींच्या तारकासमूहातील, नवव्या प्रतीचा तारा घ्यावा (प्रत हे तेजस्वितेचे माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). ग्रह ताऱ्याजवळ येतो तेव्हा अतिशय तापतो, म्हणून तो काटेकोर अर्थाने समशीतोष्ण नव्हे. परंतु लांब कक्षेच्या ग्रहाचे निरीक्षण शिकण्यासाठी याहून चांगले लक्ष्य आम्हाला माहीत नाही. फेब्रुवारीच्या मध्यास हा तारा मध्यरात्रीच्या सुमारास मध्यमंडलावर, म्हणजे आकाशातील उत्तर-दक्षिण रेषेवर, येतो, कोल्हापूरच्या साडेसोळा-सतरा अंश अक्षांशावरून तो क्षितिजापासून ५६ अंश उंच चढतो आणि रात्रभरात सुमारे आठ तास ३० अंशांच्या वर राहतो. घट सुमारे १ टक्का, पण अवधी जवळजवळ १२ तास. म्हणजे येथून एका रात्रीत प्रवेश, मध्य आणि निर्गम हे तिन्ही मिळणे शक्य नाही.

या ताऱ्याची एक मोठी सोय म्हणजे अवघ्या २० विकलांवर (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असलेला त्याचा जुळा, एचडी ८०६०७. दोघांची तेजस्विता आणि रंग जवळजवळ सारखे आहेत. त्यामुळे पातळ ढग सरकला किंवा तारा क्षितिजाकडे कलला, तरी दोघांचा प्रकाश सारखाच कमी होतो, आणि त्यांचे गुणोत्तर घेतले की वातावरणाचा परिणाम बराचसा वजा होतो. मात्र प्रतिमा फार अस्पष्ट ठेवली तर दोन्ही तारे एकमेकांत मिसळतात, म्हणून इतर ताऱ्यांसाठी दिला जाणारा ‘फोकस थोडा ढिला ठेवा’ हा सल्ला येथे जपून वापरावा.

या ग्रहाचे अधिक्रमण होते हे प्रथम कळले ते फेब्रुवारी २००९ मध्ये. स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीने ग्रह ताऱ्यामागे लपताना पाहिल्यामुळे तो समोरूनही जाण्याची शक्यता वाढली होती, आणि त्या रात्री युरोपातील अनेक ठिकाणी दुर्बिणी त्याच्याकडे वळल्या होत्या. त्यांपैकी लंडनच्या विद्यापीठाच्या शिकवणीच्या वेधशाळेत ३५ सेंटिमीटरच्या दुर्बिणी होत्या. आपल्याकडील एखाद्या महाविद्यालयाला परवडेल असे हे उपकरण आहे, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते.

त्यासाठी कोणती उपकरणे लागतील?

८ इंची किंवा मोठी दुर्बीण, ताऱ्याचा माग अचूक ठेवणारी विषुववृत्तीय बैठक, कृष्णधवल सीमॉस कॅमेरा आणि एक लाल फिल्टर एवढ्यावर सुरुवात होते. शहरात दिव्यांचा उजेड त्रास देतो, तरी नवव्या-दहाव्या प्रतीच्या ताऱ्याचे मापन शहराच्या कडेवरूनही जमते. पन्हाळा, मसाई पठार किंवा राधानगरीच्या बाजूला गेल्यास आकाश निश्चितच चांगले मिळते, मात्र पहाटेच्या दवाने काच धुरकटते, म्हणून दुर्बिणीला दवरोधक पट्टा लावावा. संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्याने प्रकाश पोहोचण्याच्या वेळेत आठ मिनिटांपर्यंत फरक पडतो. ती दुरुस्ती सॉफ्टवेअर करते, पण मूळ वेळच चुकली असेल तर ती चूक नंतर सुधारता येत नाही.

पावसाळ्याचे चार महिने काय करावे?

केप्लरने पाहिलेला हंस आणि स्वरमंडल यांचा प्रदेश संध्याकाळी डोक्यावर येतो तो नेमका पावसाळ्यात, ही कोल्हापूरच्या निरीक्षकांची खरी अडचण आहे. परंतु केप्लर आणि टेस यांच्या सर्व नोंदी विनामूल्य उपलब्ध आहेत आणि पायथॉन जाणणारा विद्यार्थी लाइटकर्व्ह या सॉफ्टवेअरने त्यांचे आलेख घरबसल्या काढू शकतो. ज्याला संगणकाची भाषा येत नाही, त्याने प्लॅनेट हंटर्स टेस या उपक्रमात आलेख डोळ्यांनी तपासावेत. एकट्या अधिक्रमणाची ओळख अशी: तळ गोलसर सपाट, दोन्ही कडा सारख्या उताराच्या आणि अवधी कित्येक तासांचा. एका बाजूला एकदम कोसळणारी आणि दुसरीकडे हळूहळू भरून येणारी घट बहुधा दुर्बिणीतील दोषाची किंवा विखुरलेल्या प्रकाशाची असते.

भारतात या क्षेत्रात संशोधन होते का?

होते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबू येथे पारस आणि त्यानंतर पारस-२ हे वर्णपटमापक उभारले असून, त्यांच्या साहाय्याने टीओआय-४६०३ बी यासारखे, गुरूच्या जवळजवळ १३ पट वस्तुमानाचे ग्रह शोधले आहेत. हे ग्रह लहान कक्षांचे असले तरी पद्धत तीच आहे. लडाखमधील हान्ले, उत्तराखंडमधील देवस्थळ आणि पुण्याच्या आयुकाची गिरवली येथील दुर्बीण या ठिकाणांहूनही प्रकाशमापन करता येते. विद्यार्थ्यांनी पदार्थविज्ञान आणि सांख्यिकी पक्के करावे. या क्षेत्रात सांख्यिकीची गरज सुरुवातीला वाटते त्यापेक्षा कितीतरी जास्त पडते.

येत्या काळात काय अपेक्षित आहे?

युरोपची प्लेटो दुर्बीण २०२७ च्या सुरुवातीच्या सुमारास सोडण्याचे नियोजन आहे. तिच्यावर २६ कॅमेरे असतील आणि ती दक्षिण आकाशाचा एक मोठा भाग किमान दोन वर्षे सलग पाहणार आहे. लांब कक्षेच्या ग्रहांसाठी असेच सलग निरीक्षण हवे असते. केप्लर-१६७ ई या गुरूएवढ्या ग्रहाचे अधिक्रमण दर १०७१ दिवसांनी होते. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये वेगवेगळ्या देशांतील लहान दुर्बिणींच्या जाळ्याने त्याचे १६ तासांचे अधिक्रमण तुकड्या-तुकड्यांनी टिपले. या हिशेबाने २०२७ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते पुन्हा होईल. तारा चौदाव्या प्रतीचा आणि पाऊस नुकताच ओसरत असलेला, त्यामुळे येथून काम कठीण आहे, पण ७४ अंश पूर्व रेखांशावरील रात्र जपान-ऑस्ट्रेलियाच्या आणि युरोपच्या रात्रींना जोडते, म्हणून भारतातील नोंद नसेल तर त्या साखळीत फट राहते.

रात्रभर निरीक्षण करूनही घट दिसली नाही, तर ती नोंद टाकून द्यावी का?

मुळीच टाकू नये. टीओआय-२१८० बी साठी ऑगस्ट २०२१ मध्ये ११ दिवसांत तीन खंडांवरील १४ दुर्बिणींनी निरीक्षणे केली आणि एकाही दुर्बिणीला अधिक्रमण खात्रीने सापडले नाही. तरीही त्या वेळात ते झाले नव्हते एवढे कळल्यामुळे फेरीच्या काळाला मर्यादा पडली आणि २६१ दिवसांचा आकडा पक्का होण्यास मदत झाली. नोंद पाठवताना सुरुवातीची आणि शेवटची वेळ, फिल्टर, तुलनेसाठी वापरलेले तारे, मापनातील चूक आणि ढग आल्याच्या वेळा एवढे लिहावे. ढग कधी आले हे लिहिलेले नसेल, तर घट न दिसल्याची नोंद वापरता येत नाही.